हैदराबाद–पुणे मालवाहतूक : भाडे, बिल्टी आणि जबाबदारी

हैदराबादहून पुण्याला सामान पाठवायचे आहे, चांगला ट्रान्सपोर्टवाला सुचवा, अशी विचारणा सभासदांकडून वर्षभर होत असते. मुले पुण्यात स्थायिक झाली म्हणून निवृत्तीनंतर तिकडे निघालेली कुटुंबे, बदली झालेले नोकरदार, लेकीच्या घरी कपाट पाठवणारे आईवडील, थोडाफार व्यापार करणारे सभासद, प्रत्येकाची गरज निराळी. नाव सुचवणे आम्ही टाळतो. एका खेपेला चांगला अनुभव देणारा दुसऱ्या खेपेलाही देईल याची खात्री कोणी द्यावी? त्याऐवजी ट्रान्सपोर्टवाला कोणीही असो, त्याला काय विचारावे आणि त्याच्याकडून कोणता कागद घ्यावा, एवढे येथे एकत्र दिले आहे. आमची हयात बँकेत गेली. ट्रकच्या बिल्टीवर व्यापाऱ्यांना उचल देणे हा तिथला नेहमीचा व्यवहार, त्यामुळे गाडीपेक्षा कागदाकडे आमचे लक्ष जास्त जाते, हे वाचकांनी समजून घ्यावे.

रस्ता

हा राष्ट्रीय महामार्ग ६५, जुन्या मंडळींच्या तोंडी अजूनही ‘नऊ नंबर’. पुण्याहून निघून सोलापूर, हैदराबाद, विजयवाडा करीत तो मच्छलीपट्टणमला जातो. हैदराबाद ते पुणे अंतर साधारण ५६० किलोमीटर, त्यात सोलापूर सुमारे ३१० किलोमीटरवर. पटणचेरू, संगारेड्डी, जहीराबाद झाले की बिदर जिल्ह्यातले हुमनाबाद लागते, पुढे उमरगा, नळदुर्ग, सोलापूर, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण. म्हणजे गाडी तीन राज्यांतून जाते. संस्थानी काळात उमरगा आणि नळदुर्ग निजामाच्या हद्दीत होते आणि सोलापूर इंग्रजांच्या. हद्द ओलांडताना मालावर करोडगिरी भरावी लागे, आणि हाली सिक्का इकडचा, कलदार तिकडचा. तेलंगणातले पद्मशाली विणकर याच दिशेने सोलापूरला गेले आणि त्यांच्या मागावरच्या चादरी उलट्या वाटेने आपल्या बाजारात आल्या. सोलापूरकडचा कांदा आजही मलकपेटच्या बाजारात उतरतो.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकराचे नाके उठले. तिथे ताटकळण्यात जाणारा वेळ वाचला. रस्ताही आता चौपदरी आहे. रात्री इथून निघालेली भरलेली गाडी साधारण दुसऱ्या दिवशी रात्री किंवा तिसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात पोहोचते. दिवसा मोठ्या गाड्यांना दोन्ही शहरांत प्रवेशाची बंधने असतात. त्यामुळे काचीगुड्याच्या किंवा सदाशिव पेठेच्या बोळात घर असेल, तर शेवटचा टप्पा छोट्या गाडीनेच होणार. तिचे भाडे कोण देणार, हे आधीच विचारावे.

भाडे कसे ठरते

पूर्ण गाडी घ्यायची की सुटा माल म्हणून पाठवायचे, हा पहिला प्रश्न. पूर्ण गाडीत माल एकदा चढतो आणि एकदाच उतरतो. सुट्या मालात तो बेगमबाजार, उस्मानगंज किंवा ऑटोनगरच्या गोदामात उतरतो, इतरांच्या मालाबरोबर मोठ्या गाडीत चढतो, पुण्याकडच्या गोदामात पुन्हा उतरतो आणि मग टेम्पोने घरी येतो. मोडतोड होते ती बहुधा या चढउतारीत, रस्त्यावर कमी. म्हणून काचेचे कपाट सुट्या मालात पाठवू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. पुस्तकांची खोकी, भांडी, कपडे खुशाल पाठवावेत.

पूर्ण गाडीचे भाडे किलोमीटरवर ठरते असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात ते परतीच्या मालावर ठरते. पुण्याची गाडी इथे माल उतरवून उभी असेल, तर रिकामी परत जाण्यापेक्षा ती कमी भाड्यात तयार होते. ‘परतीची गाडी आहे का’ हा एक प्रश्न विचारल्याने पुष्कळ पैसे वाचतात. मात्र ती आपल्या मुहूर्तावर मिळेलच असे नाही, दोन-चार दिवस मागेपुढे होण्याची तयारी हवी. महिनाअखेरीस आणि शाळांच्या सुट्टीत घर हलवणाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा भाडेही चढते.

एका खोलीच्या सामानाला टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, पुरतो, पण इतक्या लांबच्या पल्ल्याला तो आम्हाला पटत नाही. दोन बेडरूमच्या घराला चौदा फुटी, तीन बेडरूमला सतरा किंवा एकोणीस फुटी गाडी साधारणपणे लागते. फोनवर सांगितलेल्या यादीवरून गाडी ठरवू नये, माणसाला घरी बोलावून सामान दाखवावे. माळ्यावरचे सामान फोनवर कोणाच्याच लक्षात राहत नाही.

सुट्या मालाचे भाडे किलोवर असते. गादी, सोफा, झोपाळा अशा हलक्या पण जागा खाणाऱ्या वस्तूंचे वजन आकारमानावरून धरतात, त्यात लबाडी नाही. त्याखेरीज हमाली, बिल्टीचा आकार, घरपोच पोहोचवण्याचा आकार, आणि गाडी थांबून राहिली तर हॉल्टिंग, हे सगळे वेगळे लागते. दर सांगताना ‘सगळे मिळून किती’ असे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. भाडे इथे भरले तर बिल्टीवर ‘पेड’, पुण्यात भरायचे असेल तर ‘टू पे’ लिहितात. काही रक्कम आगाऊ दिली असल्यास ती आणि बाकी, दोन्ही आकडे बिल्टीवर यायला हवेत.

बिल्टी

कोणी तिला एल. आर. म्हणतात, कोणी जी. आर. कायद्याच्या भाषेत ती मालाची पावती. ट्रकवाहतुकीला पूर्वी १८६५ चा कॅरियर्स ॲक्ट लागू होता. त्याच्या जागी २००७ चा रस्ता मालवाहतूक कायदा आला आणि १ मार्च २०११ पासून तो अमलात आहे. त्याप्रमाणे माल वाहून नेण्याचा धंदा करणाऱ्याला नोंदणी करावी लागते. पाठवणाऱ्याने मालाचे वर्णन आणि किंमत लिहून द्यायची, वाहतूकदाराने पावती तीन प्रतींत करायची आणि मूळ प्रत पाठवणाऱ्याला द्यायची. वजन आणि नग किती, याचा प्रथमदर्शनी पुरावा ही पावतीच असते. म्हणून ‘घरगुती सामान, एक गाडी’ असे लिहिलेली बिल्टी घेऊ नये. ‘४३ नग, यादी सोबत’ असे हवे, आणि प्रत्येक नगावर अनुक्रमांक हवा.

आता सर्वांत महत्त्वाचे. मालाची जादा किंमत लिहून दिली नसेल आणि त्यासाठी जादा दर भरला नसेल, तर माल हरवल्यास किंवा मोडल्यास वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरतीच राहते. समजा, तीन खोकी सुट्या मालात पाठवली आणि भाडे ९०० रुपये झाले. आत ४०,००० रुपयांचा संगणक होता, तरी मागता येतील ते फार तर ९,००० रुपये. पूर्ण घराचे भाडे ३०,००० असेल, तर मर्यादा ३ लाख. भाडे कमी करून घेतल्याचा आनंद होतो, पण त्याबरोबर आपली भरपाईही दहापटीने खाली येते, हे गणित काउंटरवरचा माणूस सांगत नाही. म्हणून किंमती वस्तू असतील तर किंमत जाहीर करावी, किंवा प्रवासापुरता विमा घ्यावा. विमा उतरवला असे तोंडी सांगितले तर पॉलिसीचा नंबर आणि विमा कंपनीचे नाव मागावे. बिलात ‘विमा आकार’ दिसतो आणि पॉलिसी कुठेच नसते, असेही घडते.

‘मालकाच्या जोखमीवर’ असा शिक्का बिल्टीवर मारलेला असतो. तो पाहून घाबरायचे कारण नाही. वाहतूकदाराच्या निष्काळजीपणाची जबाबदारी या शब्दांनी टळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली नाथ ब्रदर्स एक्झिम या खटल्यात सांगितले आहे. ‘आम्ही फक्त एजंट, गाडी दुसऱ्याची’ ही सबबही चालत नाही. कायद्याच्या व्याख्येत बुकिंग कंपनी, कंत्राटदार, एजंट, दलाल सगळे येतात.

बँकेत या कागदाचे वजन वेगळेच. उस्मानगंजचा व्यापारी पुण्याला हळद पाठवी आणि बिल्टी बँकेच्या नावे करून आणी. आम्ही त्यावर पैसे देत असू. बिल्टी पुण्याच्या शाखेत जाई, तिथला खरेदीदार पैसे भरी, मग शाखा बिल्टीवर सही करून त्याला देई, आणि ती दाखवल्यावर गोदामातून माल सुटे. मूळ बिल्टी न घेता माल सोडला की सारा व्यवहार कोसळला. म्हणून अशा बिलांसाठी इंडियन बँक्स असोसिएशनने मान्यता दिलेल्या वाहतूकदारांचीच बिल्टी बँका घेत. जुन्या हुंडेकऱ्यांकडे शब्दावर माल जात असे हे खरे, पण तेव्हा तो शब्द देणारा माणूस गल्लीतला असे.

सामान वाटेत अडले तर

आमच्या परिचयातल्या एका कुटुंबाने नल्लाकुंट्याहून घर हलवले. फोनवर १८,००० ठरले. सामान भरून गाडी गेली आणि दुसऱ्या दिवशी, गाडी सोलापूरच्या अलीकडे असताना, फोन आला : सामान ठरल्यापेक्षा जास्त निघाले, आणखी १४,००० पाठवा, नाहीतर गाडी इथेच उतरवू. हातात होते ते मोबाइलवर आलेले कोटेशन. बिल्टी नव्हती, गाडीचा नंबरही टिपून ठेवलेला नव्हता. त्या गाडीत आजीचे देवघर होते, म्हाताऱ्या वडिलांच्या औषधांची पिशवी होती. त्यांनी पैसे पाठवले. आम्ही त्यांच्या जागी असतो तर पोलिसांना फोन केला असता, असे आम्ही म्हणू शकत नाही. गाडीच्या नंबराशिवाय पोलीस तरी कोणती गाडी शोधणार?

म्हणून गाडी दारातून हलण्यापूर्वी नंबरप्लेटचा आणि भरलेल्या गाडीचा फोटो, चालकाचा फोन आणि सही-शिक्क्याची बिल्टी, एवढे हातात हवे. हे देण्यास जो टाळाटाळ करील, त्याच्याकडे सामान भरू नये, मग घर रिकामे करण्याची तारीख टळली तरी चालेल. पैशाचा मोठा हिस्सा सामान उतरल्यावर द्यायचा ठेवावा. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला तर तो कोणाच्या नावे आहे ते कळते. सारख्या नावाचे दोन-तीन धंदे असणे या व्यवसायात नवे नाही.

पुण्यात सामान उतरताना यादी हातात धरून नग मोजावेत आणि जे फुटले किंवा कमी भरले ते पोच देण्याच्या प्रतीवर, सही करण्यापूर्वी, लिहावे. हमाल घाई करतात, करू द्यावी. नुकसानीची लेखी नोटीस वाहतूकदाराला बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत मिळाली नाही, तर पुढे दावा करता येत नाही. मुदत बुकिंगपासून मोजतात, सामान मिळाल्यापासून नाही. नोटीस पोचपावतीच्या टपालाने पाठवावी. त्यानंतर ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण जिथे राहतो तिथल्या आयोगातही ती देता येते, म्हणजे पुण्याला गेलेल्यांनी तारखांसाठी हैदराबादला येण्याची गरज नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

ई-वे बिल आणि इतर

वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, नियमातच तशी सूट आहे. तरी यादी आणि ‘वापरलेले घरगुती सामान’ असे स्वतःच्या सहीचे पत्र, ओळखपत्राच्या प्रतीसह, चालकाजवळ द्यावे. नव्या वस्तूंचे वेगळे. लेकीसाठी इथल्या दुकानातून ५०,००० रुपयांवरचे फर्निचर घेऊन परस्पर पाठवले, तर दुकानदाराचे बिल आणि ई-वे बिल दोन्ही हवेत. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे पुण्यासाठी तीन दिवस. व्यापारी सभासदांनी गाडी बदलल्यास नवा नंबर त्यात भरला गेला ना, हे पाहावे.

गॅस सिलिंडर ट्रकमध्ये देऊ नये, तो एजन्सीला परत करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यावे. दागिने, मालमत्तेची कागदपत्रे, बँकेची पासबुके आणि औषधे स्वतःजवळ ठेवावीत. देवही बहुतेक जण मांडीवर घेऊनच जातात. इन्व्हर्टरची बॅटरी उभी बांधून गाडीत शेवटी ठेवावी. लोणच्याच्या बरण्यांविषयी सांगून उपयोग नाही हे आम्हाला ठाऊक आहे, पण निदान पुस्तकांच्या खोक्यावर त्या ठेवू नयेत. दुचाकी एकटीच पाठवायची असेल तर सिकंदराबाद किंवा काचीगुड्याच्या रेल्वे पार्सल कार्यालयात चौकशी करावी. तिथे पेट्रोलची टाकी रिकामी करून, आर. सी. ची प्रत देऊन ती बुक होते. एक-दोन खोक्यांसाठी ट्रकच्या मागे लागण्यापेक्षा तेलंगणा एस. टी. ची पार्सल सेवा विचारून पाहावी.