सात युक्त्या आणि दहा हजार डॉलर

१९३९ साली अमेरिकेत एक चमत्कारिक पुस्तक निघाले. रेडिओवरून लाखो श्रोत्यांना भारून टाकणाऱ्या एका धर्मगुरूच्या भाषणांतील उतारे त्यात छापले होते. पण वाक्यांच्या मध्येच बारीक चित्रे होती. कुठे अंगठा खाली केलेला हात, कुठे लखलखते रत्न, कुठे मुखवटा, कुठे जुना बूट, तर कुठे इस्पिकचा एक्का. प्रत्येक चित्र वाचकाला जणू थांबवून सांगत होते, ‘जरा थांबा, इथे तुमच्यावर एक युक्ती वापरली आहे.’

धर्मगुरूचे नाव फादर चार्ल्स कॉग्लिन. ज्यूंविषयीचा द्वेष तो उघडपणे पसरवत होता. पुस्तक लिहिले होते आल्फ्रेड आणि एलिझाबेथ ली या दांपत्याने, ‘प्रचार विश्लेषण संस्थे’साठी. वर्तमानपत्र, रेडिओ आणि जाहिरात यांतून होणारा प्रचार ओळखायला तरुणांना शिकवायचे, हे या संस्थेचे काम होते. आज आपण ज्याला माध्यम-साक्षरता म्हणतो, तिचा हा एक मोठा आणि संघटित असा आरंभीचा प्रयोग. तो जेमतेम सव्वाचार वर्षे चालला. तो कसा उभा राहिला आणि का थांबला, हे शिक्षकांनी जाणून घेण्याजोगे आहे.

महायुद्धाचे वळ

गोष्ट सुरू होते पहिल्या महायुद्धात. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि लगेच सरकारने जॉर्ज क्रील यांच्या हाताखाली एक प्रचार समिती नेमली. भित्तिपत्रके, चित्रपट, बातम्या अशी सर्व साधने तिने वापरली. चित्रपटगृहात रीळ बदलताना चार मिनिटे भाषण करणारे सुमारे ७५,००० स्वयंसेवक तिने उभे केले.

त्याच महिन्यात ब्रिटिश वृत्तपत्रांत एक बातमी झळकली. जर्मन लोक आपल्याच सैनिकांच्या मृतदेहांपासून चरबी काढण्याचा कारखाना चालवतात, अशी ती बातमी होती. मूळ जर्मन मजकुरातील शब्द जनावरांच्या मढ्यांसाठी वापरला जाणारा होता. १९२५ साली परराष्ट्रमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी ब्रिटिश संसदेत या गोष्टीला आधार नसल्याचे मान्य केले. तोपर्यंत आठ वर्षे उलटून गेली होती.

त्या युद्धकाळात क्लीव्हलंडच्या एका वृत्तपत्रात क्लाइड मिलर नावाचा तरुण वार्ताहर काम करत होता. समाजवादी नेते यूजीन डेब्ज यांनी जून १९१८ मध्ये युद्धविरोधी भाषण केले, म्हणून त्यांच्यावर खटला भरला गेला. त्यात मिलर सरकारी पक्षाचा साक्षीदार होता. डेब्जना दहा वर्षांची शिक्षा झाली. डिसेंबर १९२१ मध्ये त्यांची सुटका झाली. आपण काय केले याची बोच मिलरला पुढे लागून राहिली. हाच मिलर नंतर कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात गेला आणि प्रचार कसा ओळखावा हे शिकवू लागला.

दुकानदाराचे पैसे

वर्ग चालवायला, पत्रिका छापायला पैसा लागतो. तो दिला बॉस्टनच्या एडवर्ड फाइलीन या दुकानदाराने. फाइलीन म्हणजे वेगळेच प्रकरण होते. १९०७ साली ते हिंदुस्थानात आले होते. बंगालमध्ये खेडुतांच्या सहकारी पतसंस्था पाहून ते प्रभावित झाले. सामान्य माणसे आपापसांत पैसा उभा करतात आणि सावकाराच्या तावडीतून सुटतात, ही कल्पना त्यांनी अमेरिकेत नेली. त्यांच्या प्रयत्नांतून १९०९ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात पतसंस्थांचा कायदा झाला. सामान्य माणसाला जशी पत हवी, तसा स्वतःचा विचारही करता यायला हवा, असे फाइलीन यांना वाटे. त्यांच्या निधीतून संस्थेला सुरुवातीला दहा हजार डॉलर मिळाले. सप्टेंबर १९३७ मध्ये फाइलीन वारले आणि पुढच्याच महिन्यात संस्थेची पहिली मासिक पत्रिका निघाली.

संचालक मंडळात इतिहासकार चार्ल्स बीअर्ड आणि मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल होते, तसेच हार्वर्डचे भूगर्भशास्त्रज्ञ कर्टली मॅदरही होते. उत्क्रांती शिकवल्याबद्दल १९२५ साली एका शिक्षकावर चाललेल्या गाजलेल्या खटल्यात मॅदर यांनी शिक्षकाच्या बाजूने निवेदन दिले होते. खडकांचा अभ्यासक प्रचाराच्या अभ्यासात कसा, असा प्रश्न पडेल. पण पुरावा मागण्याची सवय ही विज्ञानाचीच देणगी आहे.

सात युक्त्या

नोव्हेंबर १९३७ च्या अंकात संस्थेने प्रचाराच्या सात युक्त्या मांडल्या. त्या अशा:

१. नावे ठेवणे. मुद्द्याला उत्तर न देता माणसाला वाईट नाव चिकटवायचे.

२. गोंडस शब्द. ‘स्वातंत्र्य’, ‘सन्मान’, ‘प्रगती’ असे मोठे शब्द पुराव्याऐवजी वापरायचे.

३. उसने तेज. झेंडा, धर्म, विज्ञान यांविषयीचा आदर आपल्या मालाला चिकटवायचा.

४. मोठ्यांची साक्ष. प्रसिद्ध व्यक्ती म्हणते, म्हणून खरे.

५. मी तुमच्यातलाच. चित्रातला जुना बूट याच युक्तीचा.

६. लावलेले पत्ते. सोयीचे तेवढे सांगायचे, बाकीचे झाकायचे. इस्पिकचा एक्का हिची खूण.

७. सगळे निघालेत, तुम्हीही चला.

यादी सोपी होती, म्हणून ती शाळांत झपाट्याने पसरली. संस्थेने शिक्षकांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. पत्रिकेत फक्त परक्यांचा प्रचार तपासला जात नव्हता. जर्मनीबरोबर ब्रिटनचाही प्रचार तपासला गेला. दुकानांच्या साखळ्यांवरील करांविरुद्ध एका बड्या कंपनीने चालवलेल्या मोहिमेचीही चिरफाड झाली. दुकानदाराच्या पैशावर चाललेली संस्था दुकानदारीला सोडत नव्हती, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

एक रास्त आक्षेप

संस्थेवर टीकाही झाली. टीकाकार म्हणत, मुलांना सगळीकडे युक्ती दिसू लागली तर ती कशावरच विश्वास ठेवणार नाहीत. शिवाय युक्ती ओळखली म्हणजे विधान खोटे ठरले, असे होत नाही. देवी रोगाची लस टोचून घ्या, हे सांगणाऱ्या भित्तिपत्रकातही गोंडस शब्द आणि मोठ्यांची साक्ष असू शकते. तरीही लस खरोखर उपयोगी होती.

हा आक्षेप हलका नव्हता. मृतदेहांच्या कारखान्याची गोष्ट खोटी निघाल्याचा परिणाम पुढे दिसला. दुसऱ्या महायुद्धात ज्यूंच्या कत्तलीच्या खऱ्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा अनेकांना ती तसलीच जुनी थाप वाटली. ‘लांडगा आला रे’ची गोष्ट आपण मुलांना सांगतो, इथे ती लाखो जिवांच्या बाबतीत घडली. फसणे जसे घातक, तसा सरसकट अविश्वासही घातक.

संस्थेच्या मार्गदर्शक पुस्तिकेत याचे उत्तर काही प्रमाणात होते. मजकूर वाचून आपल्या मनात काय उमटले ते आधी पाहा, आपली मते खरोखर आपलीच आहेत का याची शंका घ्या आणि मग तथ्ये शोधा, असे तिच्यात सांगितले होते. पण सात नावे पाठ करणे सोपे असते आणि तथ्य शोधणे कष्टाचे. वर्गात बहुधा सोपे तेच टिकते, हे शिक्षकांना सांगायला नको.

दिवा मालवला

युरोपात युद्ध पेटले तसा संस्थेचा मार्ग बिकट झाला. हिटलरचा धोका समोर असताना ब्रिटनच्या प्रचाराचीही चिकित्सा करणे काही संचालकांना पटेना. काहींनी राजीनामे दिले. १९४१ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या डाइज समितीची संशयी नजर संस्थेकडे वळली. आर्थिक पाठबळ आटत गेले. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि जानेवारी १९४२ मध्ये संस्थेने वाचकांचा निरोप घेतला. युद्धकाळात सर्व बाजूंच्या प्रचाराचे तटस्थ विश्लेषण केले तर त्याचा विपर्यास होईल, असे कारण तिने दिले. म्हणजे प्रचाराचा पूर सर्वांत मोठा असण्याच्या काळातच पोहायला शिकवणारा वर्ग बंद झाला.

यात एकट्या मिलरचा किंवा संचालकांचा दोष काढणे सोपे आहे. खरी अडचण रचनेत होती. संस्थेचा मुख्य आधार एका निधीचा होता आणि तिचे काम सर्वांनाच केव्हा ना केव्हा झोंबणारे होते. पतसंस्थेत अनेकांचे थोडे थोडे पैसे असतात, म्हणून एक सभासद रुसला तरी ती बुडत नाही. फाइलीन यांनी बंगालमध्ये पाहिलेले हे तत्त्व त्यांच्याच पैशावर उभ्या राहिलेल्या या संस्थेला मात्र लाभले नाही.

बिहारमधील दोन प्रयोग

आता आपल्या देशाकडे पाहू. २०१९ च्या निवडणुकीच्या सुमारास बिहारमध्ये एक प्रयोग झाला. घरोघरी जाऊन लोकांना खोट्या बातम्या ओळखण्याचे तासाभराचे प्रशिक्षण दिले गेले. एकंदरीत लक्षणीय फरक पडला नाही. पुढे त्याच राज्यात, ‘जीविका’ या शासकीय यंत्रणेच्या सहकार्याने, ५८३ गावांतील आठवी ते बारावीच्या सुमारे १३,५०० विद्यार्थ्यांवर दुसरा प्रयोग झाला. या वेळी काही आठवडे, वर्गात बसून, टप्प्याटप्प्याने शिकवले गेले. मुलांना खरी आणि खोटी माहिती अधिक चांगली ओळखता येऊ लागली. हा परिणाम चार महिन्यांनंतरही टिकून होता आणि काही अंशी पालकांपर्यंतही पोचला होता.

दोन्ही प्रयोगांत फरक होता वेळेचा, वर्गाचा आणि नेहमीच्या शिकवण्याच्या रीतीचा. एका तासाचे व्याख्यान स्वस्त पडते. आठवडे चालणाऱ्या वर्गाला खोली, शिक्षक आणि पुढच्या वर्षीचीही तरतूद लागते. हा विषय एखाद्या देणगीवर किंवा एखाद्या मोहिमेवर सोडला, तर त्याचे काय होते ते १९४२ साली दिसून आले आहे. गणित शिकवायला दरवर्षी नवा दाता शोधावा लागत नाही. ते वेळापत्रकातच असते.

वर्गात करून पाहा

मुलांना एक जाहिरात, एक निवडणुकीचे पत्रक आणि फोनवर फिरणारा एक संदेश आणायला सांगा. सात युक्त्यांसाठी त्यांनी स्वतःच चित्रे ठरवावीत. ती मजकुरावर काढून झाली की दुसरा प्रश्न विचारा: युक्ती आहे, पण मूळ विधान खरे आहे का? ते कुठे तपासता येईल? पत्रकासाठी पैसे कोणी दिले असतील? शेवटी हाच लेख त्यांच्या हाती द्या आणि यातही एखादी युक्ती सापडते का, ते शोधायला सांगा. सापडली तर आम्हाला जरूर कळवा.