जे प्रिट्झकर पॅव्हिलियन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शिकागो शहराच्या मिलेनियम पार्क या उद्यानातील खुला संगीतमंच. वास्तुशिल्पज्ञ फ्रँक गेरी. उद्घाटन जुलै २००४. मंचासमोर सुमारे ४,००० खुर्च्या असून त्यांच्या मागे सुमारे ७,००० श्रोते बसू शकतील अशी हिरवळ आहे. ग्रँट पार्क म्युझिक फेस्टिव्हल हा पाश्चात्त्य अभिजात संगीताचा उन्हाळी महोत्सव येथे भरतो आणि त्याच्या मैफली कोणालाही विनामूल्य ऐकता येतात. इमारत बांधण्यास मनाई असलेल्या सार्वजनिक जमिनीवर, भिंती आणि छप्पर न घालता, बंदिस्त सभागृहाच्या जवळ जाणारा नाद उभा करणे ही या वास्तूची मुख्य कामगिरी होय.

पूर्वपीठिका : मिशिगन सरोवराच्या काठची ही जागा कायम मोकळी राहावी, तिच्यावर इमारती होऊ नयेत, अशी नोंद १८३६ मधील नकाशावर केलेली होती. पुढे तेथे इमारती उठू लागल्या, तेव्हा टपालाने माल विकण्याचा व्यवसाय करणारे व्यापारी माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८९० पासून सुमारे वीस वर्षे न्यायालयात लढा दिला. इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिल्यामुळे, मिलेनियम पार्क ज्याचा भाग आहे त्या ग्रँट पार्कच्या परिसरात बांधकामावर आणि उंचीवर कडक बंधने आली.

ग्रँट पार्कच्याच दक्षिण भागात १९३१ मध्ये शिंपल्याच्या आकाराचा एक वाद्यमंच उभारण्यात आला. तो काळ महामंदीचा होता. त्यातच बोलपटांमुळे चित्रपटगृहांतील वादकांची गरज उरली नव्हती आणि ध्वनिमुद्रिकांमुळेही त्यांची कामे कमी झाली होती. संगीतकारांच्या स्थानिक संघटनेचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांच्या पुढाकाराने १ जुलै १९३५ पासून तेथे विनामूल्य मैफली सुरू झाल्या. वादकांना रोजगार मिळावा आणि तिकीट न परवडणाऱ्यांना संगीत ऐकता यावे, असा त्यांचा दुहेरी हेतू होता. या मैफलींतूनच उभ्या राहिलेल्या महोत्सवाचा पुढे स्वतंत्र वाद्यवृंद आणि १९६२ मध्ये स्वतंत्र गायकवृंदही आकाराला आला. १९७८ मध्ये उद्यानातच दुसऱ्या जागी नवा मंच झाला व त्याला पेट्रिलो यांचे नाव देण्यात आले. मात्र त्याच्या ध्वनियोजनेबद्दल तक्रारी होत राहिल्या.

रचना : मिलेनियम पार्कची जागा पूर्वी रेल्वेच्या यार्डाची आणि मोटारी उभ्या करण्याची होती. महापौर रिचर्ड एम. डेली यांनी १९९८ मध्ये उद्यानाची योजना जाहीर केली. सुमारे २४·५ एकरांचे हे उद्यान वाहनतळ आणि लोहमार्ग यांवर घातलेल्या छतावर वसलेले आहे. मूळ आराखड्यात संगीतमंच साधा होता. प्रिट्झकर कुटुंबाने देणगी दिल्यावर गेरी यांना पाचारण करण्यात आले. वास्तुकलेतील प्रसिद्ध प्रिट्झकर पुरस्कार याच कुटुंबाचा असून गेरी यांना तो १९८९ मध्येच मिळाला होता. हयात हॉटेलसमूहाचे संस्थापक जे प्रिट्झकर (१९२२–१९९९) यांचे नाव मंचाला देण्यात आले.

मंचाच्या माथ्यावर पोलादाच्या चकचकीत, वळणदार फिती चहूकडे उसळल्यासारख्या उभ्या आहेत. त्यांची उंची सुमारे १२० फूट (सु. ३७ मी.) आहे. उंचीच्या बंधनातून वाट काढण्यासाठी या रचनेला इमारत न मानता कलाकृती ठरवण्यात आले. शेजारचे हॅरिस थिएटर मात्र त्याच बंधनामुळे बहुतांशी जमिनीखाली बांधलेले आहे. मंचामागच्या खोल्या आणि सामान उतरवण्याची जागा या दोन्ही वास्तू सामाईक वापरतात. मंचाचे प्रचंड काचेचे दरवाजे लावले की थंडीच्या दिवसांत तेथे बंदिस्त समारंभही करता येतात.

ध्वनियोजना : खुल्या जागेत दूरच्या श्रोत्यांसाठी सहसा ध्वनिक्षेपकांचे खांब किंवा मनोरे उभारावे लागतात आणि ते नेमके दृष्टीच्या आड येतात. येथे खुर्च्या आणि हिरवळ यांवरून पोलादी नळ्यांची कमानदार जाळी वेलींच्या मांडवासारखी पसरली आहे. तिची लांबी सुमारे ६०० फूट व रुंदी सुमारे ३०० फूट असून ध्वनिक्षेपक तिलाच टांगलेले आहेत. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मी. वेगाने जातो, तर तारेतून येणारा विद्युत्संदेश जवळजवळ तत्क्षणी पोहोचतो. म्हणून मागच्या ध्वनिक्षेपकांतून त्यांच्या अंतराच्या हिशेबाने किंचित उशिरा आवाज सोडतात. त्यामुळे शेवटच्या रांगेतही सूर डोक्यावरून न येता मंचावरूनच आल्याचा भास होतो. याला जोडून दुसरी एक यंत्रणा आहे. सभागृहात भिंती आणि छत यांवरून परतणारा ध्वनी संगीताला भरीवपणा देतो. उघड्यावर तो हरवतो. ही यंत्रणा मंचावरील मायक्रोफोनमधून आवाज घेऊन तसे परावर्तन कृत्रिमरीत्या निर्माण करते.

कार्यक्रम : महोत्सव साधारणपणे जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत दहा आठवडे चालतो. मैफली प्रामुख्याने बुधवारी, शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी होतात. २००० पासून कार्लोस काल्मार वाद्यवृंदाचे प्रमुख संचालक होते. २०२५ पासून ही धुरा जियानकार्लो गेरेरो यांच्याकडे आली. शहराचे जॅझ आणि ब्लूज महोत्सवही अनुक्रमे २०१३ आणि २०१७ पासून या उद्यानात आले आहेत.

सार्वजनिक जागा विकाऊ असावी का, हा वाद येथेही झाला. २००५ मध्ये तिकीट लावलेली मैफल झाली, तेव्हा टीका झाली. त्याच वर्षी एका मोटार कंपनीने आठ लाख डॉलर देऊन उद्यान दिवसभरासाठी भाड्याने घेतले, तेव्हा ती अधिकच वाढली. आजही येथे काही कार्यक्रमांना तिकीट असते, पण महोत्सवाचे विनामूल्य स्वरूप टिकून आहे.

परिसर : पूर्वेला गेरी यांनीच आखलेला नागमोडी पादचारी पूल आहे. कोलंबस ड्राइव्ह या रस्त्यावरील रहदारीचा आवाज मंचाकडे येण्यापासून तो काही अंशी अडवतो. मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांचे ‘क्लाउड गेट’ हे आरशासारखे शिल्प पश्चिमेला आहे. दक्षिणेला लुरी गार्डन आणि त्यापलीकडे आर्ट इन्स्टिट्यूट आहे. १८९३ च्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांनी भाषण केले, ते आर्ट इन्स्टिट्यूटच्या याच इमारतीत.

भेट : पुढच्या काही खुर्च्या महोत्सवाच्या सभासदांसाठी राखीव असतात. बाकीच्या, प्रथम येणाऱ्यास प्रथम या न्यायाने, सर्वांना खुल्या असतात. हिरवळीवर सतरंजी अंथरून, घरचा डबा उघडून संगीत ऐकण्याची रीत आहे. बाहेरचे खाद्यपेय आणण्याचे नियम मात्र कार्यक्रमागणिक बदलतात आणि प्रवेशाच्या वेळी पिशव्या तपासल्या जातात. दिवसा होणाऱ्या वाद्यवृंदाच्या तालमीही बसून ऐकता येतात. गर्दी नको असणाऱ्याला, किंवा संचालक एखादी जागा पुन्हापुन्हा कशी घासून घेतो हे पाहायचे असणाऱ्याला, ही वेळ अधिक चांगली. जूनमध्ये सूर्यास्त साडेआठच्या सुमारास होत असल्याने मैफलीचा बराच भाग उजेडातच पार पडतो. अंधार पडल्यावर सरोवरावरचा वारा गार वाटतो, तेव्हा एखादे गरम वस्त्र जवळ असावे. डोक्यावरची जाळी ऊन किंवा पाऊस अडवत नाही. लोलापालूझा हा मोठा महोत्सव ग्रँट पार्कमध्ये असताना येथील मैफली हॅरिस थिएटरमध्ये हलवल्या जातात आणि तेथील जागा मर्यादित असतात. म्हणून निघण्यापूर्वी त्या दिवसाचे ठिकाण आणि वेळ पाहून घेणे इष्ट.