वेरूळचा पांढरा डोंगर

वेरूळचं १६ क्रमांकाचं लेणं आपण काळ्या दगडाचं म्हणून ओळखतो. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, डोंगर वरून खाली कोरत हा कैलास घडवला गेला. पण देवळावर पूर्वी पांढरा गिलावा होता. त्याचे अवशेष आजही दिसतात. बर्फ कधी न पाहिलेल्या दख्खनच्या माणसाला इथे हिमालय भेटत असावा, तोही आत शिरता येईल असा. दक्षिणेकडच्या शिल्पात रावण कैलास हलवतो, पार्वती शिवाला बिलगते. पाहणारा मात्र खाली, रावणाच्या पातळीवर उभा असतो. गिलावा गळाला, आणि उरलेल्या काळ्या खडकालाच आपण मूळ रूप मानून बसलो.