तुंबडीचे कूळ कुठे शोधावे?

'त्याने आपली तुंबडी भरून घेतली' असे आपण सहज म्हणतो. सावकाराने कुळाला तुंबडी लावली, असेही जुने लोक म्हणत. पण तुंबडी म्हणजे नेमके काय? वाळवून पोकळ केलेला भोपळा. बैराग्याकडे असेल तर त्यात भिक्षा पडे. वैदूच्या हाती असेल तर तीच अंगाला लावून तो रक्त ओढून काढी. भरायची तुंबडी बैराग्याची, लावायची वैदूची. वस्तू गेली, वाक्प्रचार उरला.

असे कूळ शोधायला निघालात तर आधी मोल्सवर्थ उघडावा. त्यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईत निघाला, सुधारून वाढवलेली आवृत्ती १८५७ ची. पहिली आवृत्ती निघाली तेव्हा पेशवाई बुडाल्याला जेमतेम तेरा वर्षे झाली होती. आज अडगळीत गेलेल्या कितीतरी वस्तू त्या काळी रोजच्या वापरात होत्या, म्हणून त्यांचे अर्थ इथे ताजे सापडतात. पुढे केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कामात तयार झालेले य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात 'महाराष्ट्र शब्दकोश' सात विभागांत काढला. त्यांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' १९४० नंतरचा. वाक्प्रचारांसाठी तोच हाताशी हवा. एकेका शब्दाची व्युत्पत्ती पाहायची तर कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' (१९४६) आहे.

कोश पाहताना एक पथ्य पाळावे. रंजक गोष्ट सापडली म्हणजे कूळ सापडले असे नाही. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ साली झाला, हा इतिहास. आनंदीबाईंनी चिठ्ठीत 'ध'चा 'मा' केला, ही लोकांच्या तोंडी रुळलेली हकीकत. वाक्प्रचार त्या हकीकतीवर उभा आहे, म्हणून हकीकत खरी ठरत नाही. शब्द पहिल्यांदा कुठल्या लिखाणात आला आणि तेव्हा त्याचा अर्थ काय होता, हे दोन प्रश्न आधी विचारावेत.

कॉलेजच्या कट्ट्यावरची आणि रिक्षा स्टँडवरची बोली मात्र जुन्या कोशांत मिळणार नाही. ती कानावर पडेल तशी गाव, साल आणि बोलणाऱ्याचा धंदा यांसह वहीत टिपून ठेवा. पुढच्या कोशकाराला त्याच नोंदी लागतील.