संगणकाच्या बाल्यातील चिठ्ठ्याचपाट्या

इ. स. १७६० च्या आरंभी उदगीर येथे मराठ्यांची व निजामाची लढाई झाली. लातूर जिल्ह्यातील हे स्थळ येथील श्रोत्यांस अपरिचित नाही. त्या काळच्या मसलती, फौजांच्या हालचाली व पैशाची ओढाताण आज जी कळते, ती मुख्यतः त्या त्या दिवशी घाईघाईने लिहिलेल्या पत्रांवरून. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आहेत, व ती वाई येथे एका घरी पडून होती. लिहिणारांस आपण इतिहासाचे साधन निर्माण करीत आहो याची गंधवार्ताही नव्हती. त्यांस रसद हवी होती, बातमी पोचवावयाची होती.

असाच एक पत्रांचा ढीग अवघ्या चाळीस वर्षांमागे जगात निर्माण झाला आणि आज तो रद्दीच्या वाटेवर आहे. तो सरदारांचा नव्हे, पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांचा आहे.

१९८२ साली इंग्लंडात झेडएक्स स्पेक्ट्रम आणि अमेरिकेत कमोडोर ६४ ही दोन यंत्रे बाजारात आली. तोपर्यंत संगणक म्हणजे मुख्यतः संस्थांची व कारखान्यांची मिरास. ही यंत्रे मात्र घरच्या टेबलावर मावत व दूरचित्रवाणीस जोडली की चालत. कमोडोरची स्मृती ती किती, तर जेमतेम पासष्ट हजार अक्षरांची. आज एका साध्या छायाचित्रासही ती पुरत नाही. परंतु एवढ्याशा जागेत युरोपातील मुलांनी चित्र, संगीत व गणित यांचा मेळ घालून विलक्षण लघुप्रयोग रचले. त्यांस ‘डेमो’ म्हणत. मुलांची मंडळे बनली, मंडळांस भारदस्त नावे आली, प्रत्येक सभासदाने टोपणनाव घेतले. आरंभी यांतील पुष्कळ जण विकाऊ खेळांचे कुलूप मोडून नकला वाटीत. तो प्रकार समर्थनीय नाही, पण इतिहासाने तो लपवूही नये.

त्या काळी दूरध्वनीवरून संगणक जोडणे शक्य असले तरी पोरांच्या खिशास ते परवडणारे नव्हते. म्हणून सारा व्यवहार टपालाने चाले. प्रत्येक मंडळात केवळ देवघेव सांभाळणारा एक गडी असे. फिनलंडहून पोलंडला, पोलंडहून जर्मनीला पाकिटे जात. पाकिटात एक-दोन फ्लॉप्या, आणि त्यांसोबत पत्र. ते कधी चिटोऱ्यावर तर कधी दहा-दहा पानांचे. कोणाचा डेमो सरस, कोणी कोणाची चोरी केली, परीक्षेत किती विषय गेले, असा सर्व मजकूर त्यात असे. फ्लॉपीची वेष्टणे हाताने चितारून त्यांच्या झेरॉक्स प्रती वाटल्या जात. उत्तम कार्यक्रमकार व उत्तम चित्रकार कोण, याविषयी मते मागविणारे छापील तक्ते असत. मेळाव्यांची आमंत्रणपत्रेही याच वाटेने हिंडत.

या व्यवहारात एक लबाडी सर्वत्र रूढ होती. पाठविणारा तिकिटावर डिंकाचा पातळ थर चढवी. टपालाचा शिक्का त्या थरावर उमटे. पाकीट मिळताच तिकीट कापून भिजवावे, थर धुवून काढावा व तेच तिकीट उलट टपाली परत पाठवावे, अशी रीत होती. डाकखात्याची ही उघड फसवणूक होय. परंतु इतिहासाच्या दृष्टीने त्यात आणखी एक हानी झाली. पोरे पत्रावर तारीख घालण्याचा क्वचितच कंटाळा सोडीत. काल निश्चित करण्यास पाकिटावरील शिक्का हाच आधार, आणि तोच पाण्याने धुतला गेला! मोडी पत्रांतही पुष्कळदा चंद्र व महिना असतो पण साल नसते, आणि संशोधकास मजकुरातील प्रसंग पडताळून साल बसवावे लागते. तोच उद्योग आता या पत्रांबाबत करावा लागतो. अमक्या डेमोची स्तुती आहे, तर तो कोणत्या मेळाव्यात प्रथम दाखविला गेला, अशी जुळणी करीत पुढे जायचे.

कोणी म्हणेल, फ्लॉप्या आहेत ना, मग कागद कशाला? यास उत्तर इंग्लंडातच सापडते. १०८६ साली विल्यम राजाने आपल्या राज्याची मोजदाद करवून चर्मपत्रावर लिहविली. तो डूम्सडे ग्रंथ आजही वाचता येतो. त्यास नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ साली बीबीसीने नवा डूम्सडे तयार केला. दहा लाखांहून अधिक लोकांनी त्यास हातभार लावला व सर्व माहिती लेसर तबकड्यांवर साठविली. पंधरा-सोळा वर्षे लोटतात न लोटतात तोच त्या तबकड्या वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली, आणि २००२ च्या सुमारास ती माहिती सोडविण्यासाठी तज्ज्ञांस नव्या संगणकावर जुन्याचे सोंग वठवावे लागले. फ्लॉपीचीही गत निराळी नाही. तिच्यावरील चुंबकीय ठसा क्षीण होतो, बुरशी लागते. शिवाय फ्लॉपी शाबूत राहिली तरी ती कोणी, कोणास, कोणत्या भावनेने पाठविली हे ती सांगत नाही.

हिंदुस्थानात हा पंथ फोफावला नाही. बीबीसीचाच मायक्रो संगणक १९८४-८५ पासून ‘क्लास’ योजनेखाली प्रथम सुमारे अडीचशे शाळांत आला. डेसिबेल्स कंपनीने स्पेक्ट्रमची देशी आवृत्तीही काढली. तथापि नांदेड-लातूरकडे संगणकाची ओळख बहुतेकांस घरात झालीच नाही, ती शिकवणीच्या वर्गात झाली. यंत्रे थोडी, शिकणारे फार. सबब वहीत कार्यक्रम लिहून न्यावयाचा, पाळी आली की तो भराभर टंकावयाचा, आणि चूक निघाली की पुनः वहीत दुरुस्त करावयाचा. अशा वह्या, वर्गांची जाहिरातपत्रके, फीच्या पावत्या, कडेला भोके असलेल्या लांब कागदावर उमटलेला पहिलावहिला छाप, हीच मराठवाड्याची त्या युगाची चिठ्ठीचपाटी होय. युरोपातील पत्रांइतकी ती रंगतदार नाही हे खरे. पण वाईच्या त्या घरातील कागदही उघडून पाहीपर्यंत रद्दीच भासत असणार.

आणि या मुलखात कागद जाण्यास निमित्त पुष्कळ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. त्या घरांतील ट्रंका, फडताळे, वह्या व पत्रे यांची गणना कोण करणार, आणि त्या शोकात ती करावीही कशी? गोदावरीचा पूर नांदेडच्या सखल वस्तीत शिरतो. उरलेले काम वाळवी व कसर करतात.

कागदाची जातही पाहिली पाहिजे. दौलताबाद-खुलताबादच्या दरम्यान असलेल्या कागजीपुऱ्यात चिंध्यांच्या लगद्यापासून हातकागद होत असे. त्या जातीचा कागद शतके टिकतो. गेल्या शतकाचा लाकडी लगद्याचा स्वस्त कागद आम्लामुळे पिवळा पडून तुटतो. फॅक्सचा उष्णतेने उमटणारा छाप तर थोड्याच वर्षांत पुसट होतो. त्याची प्रत आधी काढावी. झेरॉक्सची शाई प्लॅस्टिकच्या पिशवीस चिकटते, म्हणून मध्ये साधा कोरा कागद ठेवावा. गंजणाऱ्या टाचण्या काढाव्या. पाकीट टाकू नये. तिकीट कापलेले असले तरी मुळीच टाकू नये, कारण शिक्क्याची उरलेली कडही कामास येते.

फिनलंडने २०२० साली डेमोच्या या कलेस आपल्या राष्ट्रीय जिवंत वारशाच्या यादीत स्थान दिले, व पुढल्याच वर्षी जर्मनी आणि पोलंड यांनीही तसेच केले. तेव्हापासून जुन्या मंडळींच्या माळ्यांवरील खोक्यांकडे पाहण्याची दृष्टी बदलू लागली आहे. मात्र येथे एक नाजूक प्रश्न उभा राहतो. या पत्रांत पोरवयातील भांडणे आहेत, घरचे पत्ते आहेत, बेकायदा नकलांचे कबुलीजबाब आहेत. ती जशीच्या तशी चव्हाट्यावर मांडणे अन्यायाचे होईल. पत्ता व खरे नाव झाकून प्रत करावी, मूळ मात्र अखंड ठेवावे. राजवाड्यांस १७६० च्या पत्रलेखकाची संमती घेण्याची वा त्यास एखादा अस्पष्ट शब्द विचारण्याची सोय नव्हती. या पत्रांचे लेखक आज बहुतेक पन्नाशीच्या घरात आहेत. पत्रावर साल नसेल तर ते कोणते, हे त्यांस अद्याप विचारता येते.