स्टेशनचे ठेसन, स्थानकाचे ठाणे

१६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून दुपारी निघालेली चौदा डब्यांची गाडी सुमारे चारशे निमंत्रितांना घेऊन ठाण्यास पोहोचली. ही हकिकत सर्वांना ठाऊक आहे. पुढे १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. त्या रुळांवरून इंग्रजी शब्दही या मुलखात उतरले. आणि ज्यांच्या कानी ते पडले, त्यांतील बहुतेकांनी ते कागदावर कधी पाहिलेले नव्हते. याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते.

‘स्टेशन’चे ‘ठेसन’ झाले. शिकलेल्यांना त्याचे हसू आले. पण हसणाऱ्यांनी आपल्या गावाचे नाव तपासले नाही. शिलाहारांच्या लेखांत या नगराला ‘श्रीस्थानक’ म्हटले आहे. त्या ‘स्थानका’चेच झिजून ‘ठाणे’ झाले. आरंभीचा ‘स्’ गळतो आणि जाताना हकाराची फुंकर मागे ठेवून जातो, ही प्राकृताची जुनी खोड; ‘स्तन’चे ‘थन’ असेच झाले. ‘ठेसन’ही त्याच वाटेने आले. गंमत अशी, की ‘स्टेशन’चे लॅटिन मूळ आणि संस्कृतातील ‘स्था’ हे धातू सख्खे भाऊ आहेत. तेव्हा ‘ठाणे स्थानक’ म्हणजे एकच शब्द दोनदा!

कानाने शिकणाऱ्यांनी आणखीही काही अचूक टिपले. ‘लॉर्ड’चा ‘लाट’ झाला, कारण दक्षिण इंग्लंडच्या उच्चारात तिथला ‘र’ ऐकूच येत नाही. पहारेकऱ्याच्या ‘हू कम्स देअर?’ या हाळीचे शिपायांच्या तोंडी ‘हुकुमदार’ झाले, असे सांगतात. तीन शब्द, पण मध्ये फट नाही. बोलणारा जसा बोलला, तसेच ते उचलले गेले.

शाळेत नेमके उलटे घडले. मराठी बव्हंशी लिहिल्याप्रमाणे बोलली जाते. साहजिकच इंग्रजीही तशीच असणार, असे गृहीत धरले गेले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या घडल्या. व्याकरण पक्के झाले, अर्ज-टिपणे निर्दोष झाली. कचेरीला तेवढेच हवे होते. कान मात्र कोरा राहिला. म्हणून ‘वेन्झडे’ऐवजी ‘वेडनेसडे’, आणि ‘कम्फर्टेबल’मधील प्रत्येक अक्षराला सारखाच मान. इंग्रज त्यातल्या पहिल्या अक्षरावर भार टाकून बाकीची गिळून टाकतो.

वस्तुतः शब्द एकमेकांत मिसळणे ही आपल्याला परकी गोष्ट नव्हे. पाणिनीने वर्णांच्या अतिनिकट सान्निध्याला ‘संहिता’ म्हटले आणि त्यातून होणाऱ्या बदलांचे नियम बांधले. पाश्चात्त्य भाषाशास्त्रज्ञांनी पुढे ‘संधी’ हा शब्दच उचलला. इंग्रजीच्या ध्वनिविचारातही तो आज रूढ आहे. ‘सत्’ आणि ‘जन’ जुळून ‘सज्जन’ होते, तसे बोलण्याच्या ओघात ‘डिड यू’चे ‘डिजू’ होते. ‘लास्ट ट्रेन’मधील दोन ‘ट’ एकदाच उच्चारले जातात. शाळेत संधी शिकवला, पण संस्कृताच्या तासाला. इंग्रजीच्या तासाला त्याची आठवण कोणाला झाली नाही.

हैदराबादेत १९५८ मध्ये इंग्रजीची केंद्रीय संस्था निघाली आणि भारतीयांच्या उच्चारांकडे शास्त्रीय दृष्टीने पाहणे सुरू झाले. तेथील आर. के. बन्सल यांनी भारतीयांचे इंग्रजी इतरांना कितपत कळते, याचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. न कळण्याच्या प्रमुख कारणांत त्यांना आढळले ते चुकीच्या अक्षरावर दिलेला आघात. डोंबिवलीहून रोज मुंबई गाठणाऱ्या आणि मुलाखतीत ‘ॲक्सेंट’च्या धास्तीने अडखळणाऱ्या तरुणाला हे कोणी वेळेवर सांगत नाही. तो एकेक व्यंजन घासत बसतो; ऐकणारा मात्र आघात शोधत असतो.

इंग्रजांच्या कानाचीही येथे कसोटी लागलीच होती. ‘ठ’ आणि ‘ट’ यांतील भेद त्यांच्या भाषेत अर्थ बदलत नाही, आणि ‘ण’ तर नाहीच. त्यांच्या कागदोपत्री ठाण्याचे ‘टॅना’ झाले; १८८२ च्या गॅझेटियरात ‘थाना’ आहे. आजचे स्पेलिंग मराठीला अधिक जवळचे खरे, पण परदेशी पाहुणा ते ‘थेन’ असे वाचतो. शेक्सपिअरच्या मॅकबेथची सरदारकी तीच!