पेन्सिल्व्हेनियाची शेगडी आणि धुराड्याची निगा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

उत्तर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर सतराव्या शतकात वसलेल्या युरोपीय वसाहतींत हिवाळ्यात घर उबदार ठेवणे ही केवळ सोय नव्हती, ती जगण्याची अट होती. लाकूड विपुल होते आणि घरेही लाकडाचीच होती. ज्या अग्नीवर कुटुंब तगत असे, त्याच अग्नीपासून संपूर्ण वस्तीला धोका होता. तंत्रज्ञानाच्या इतिहासात शेगडीच्या शोधाची नोंद आवर्जून घेतली जाते. तिच्या वापराची आणि निगेची नोंद मात्र क्वचितच होते. शेगडीतील प्रत्येक सुधारणेबरोबर धोका नाहीसा न होता त्याचे स्थान बदलत गेले आणि सुरक्षितता अखेर माणसाच्या नित्य निगेवरच अवलंबून राहिली, हे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

१. धुराडे : सार्वजनिक चिंतेचा विषय

बोस्टन येथे १६३१ मध्ये धुराड्यातून लागलेल्या आगीत घर जळाल्यानंतर लाकडी धुराडी व गवताची छपरे यांवर बंदी घालण्यात आली. पुढे न्यूयॉर्क म्हणून ओळखल्या गेलेल्या न्यू ॲम्स्टरडॅममध्ये १६४८ साली पीटर स्टाइव्हेसंट याच्या प्रशासनाने धुराड्यांच्या तपासणीसाठी अग्निनिरीक्षक नेमले. अस्वच्छ धुराड्याबद्दल घरमालकास दंड होई आणि त्या रकमेतून बादल्या, शिड्या व आकडे खरेदी केले जात. ठिणगीला शेजाऱ्याची हद्द कळत नाही, हे या वसाहतींनी फार लवकर ओळखले होते. त्यामुळे घरातील धुराडे हा खाजगी विषय राहिला नाही.

२. फ्रँकलिनची दोन कामे

बेंजामिन फ्रँकलिनचे नाव शेगडीशी जोडले जाते. परंतु आगीसंबंधीचे त्याचे लेखन शेगडीपूर्वीचे आहे. फेब्रुवारी १७३५ मध्ये त्याने आपल्याच ‘पेन्सिल्व्हेनिया गॅझेट’ या वृत्तपत्रात टोपणनावाने एक पत्र प्रसिद्ध केले. निखारे उघड्या फावड्यातून एका खोलीतून दुसरीत नेऊ नयेत, झाकणाच्या भांड्यातून न्यावेत. कारण फटीत पडलेला कण मध्यरात्री पेट घेतो, असे त्याने बजावले. धुराडी झाडणाऱ्यांना नगरप्रमुखाने परवाने द्यावेत आणि झाडल्यानंतर पंधरा दिवसांच्या आत धुराड्याने पेट घेतल्यास दंड झाडणाऱ्याने भरावा, अशीही सूचना त्यात होती. निगेची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न येथे स्पष्टपणे मांडलेला दिसतो. पुढील वर्षी, १७३६ मध्ये, फिलाडेल्फियात त्याच्या पुढाकाराने ‘युनियन फायर कंपनी’ हे स्वयंसेवी अग्निशमन मंडळ स्थापन झाले.

त्याचे दुसरे काम म्हणजे ‘पेन्सिल्व्हेनियन फायरप्लेस’ ही बिडाची शेगडी. तिचे वर्णन करणारी पुस्तिका १७४४ मध्ये प्रसिद्ध झाली. एके काळी दाराशी मिळणारे लाकूड काही नगरांना आता सुमारे शंभर मैलांवरून आणावे लागते, ही इंधनटंचाई त्यामागे होती. भिंतीतील उघड्या शेकोटीची बहुतांश उष्णता धुराबरोबर निघून जाई. म्हणून फ्रँकलिनने धूर एका पोकळ पेटीवरून नेऊन मागील बाजूने खाली उतरवला व मग धुराड्यात सोडला, जेणेकरून त्याची उष्णता खोलीतच राहावी. या रचनेसाठी देऊ केलेले एकाधिकारपत्र त्याने नाकारले. तथापि गरम धूर स्वभावतः वर जातो. विस्तव मंद झाला की खाली वळवलेला धूर खोलीत परते. पुढे ‘फ्रँकलिन शेगडी’ म्हणून प्रचारात आलेल्या रचनांतून हा खालचा मार्ग वगळला गेला.

३. बचतीची किंमत

उघड्या शेकोटीचे धुराडे उधळपट्टीचे असले तरी गरम राहते. बंद शेगडी उष्णता राखते, म्हणूनच तिचा धूर थंड होऊन धुराड्यात शिरतो. तेथे त्यातील बाष्प व डांबरासारखी द्रव्ये भिंतींवर साकळतात. हाच क्रिओसोटचा थर होय. ओले लाकूड आणि रात्रभर विस्तव टिकावा म्हणून हवेची झडप जवळजवळ बंद ठेवण्याची सवय, या दोन गोष्टींनी तो झपाट्याने वाढतो. एखाद्या दिवशी मोठा जाळ झाला की हा थर पेटतो आणि धुराड्यातील तापमान एक हजार अंश सेल्सिअसच्याही वर जाऊ शकते. याशिवाय थराने वाट अरुंद झाली की गंधहीन व विषारी कार्बन मोनॉक्साईड घरात साठू शकतो. काटकसरीच्या शेगडीने धोका डोळ्यांसमोरून हलवून भिंतीआड नेला, असे म्हणता येईल.

४. काजळी काढणारे हात

भिंतीआडची ही काजळी कोणाला तरी काढावी लागे. अमेरिकन शहरांत हे काम मोठ्या प्रमाणावर कृष्णवर्णीय मुलांकडून, आणि त्यांतील अनेक गुलाम मुलांकडून, करून घेतले जाई. या श्रमाचे अधिक स्पष्ट दस्तऐवज इंग्लंडमध्ये आढळतात. तेथे प्रामुख्याने दगडी कोळसा जळत असला, तरी अरुंद धुराड्यात लहान मुले चढविण्याची प्रथा तीच होती. १७७५ मध्ये शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट याने धुराडी झाडणाऱ्यांच्या वृषणकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. १७८८, १८३४, १८४० व १८६४ असे कायदे होत गेले. परंतु अंमलबजावणीअभावी प्रथा टिकून राहिली. १८७५ च्या कायद्याने परवाना सक्तीचा केला व देखरेख पोलिसांकडे सोपविली, तेव्हा ती संपुष्टात आली. घरमालकाची सुरक्षितता सुमारे शतकभर बालकांच्या शरीरावर उभी होती, हे सत्य विसरता येणार नाही.

५. विसरलेल्या ज्ञानाचे पुनरागमन

विसाव्या शतकात तेल, वायू व वीज यांमुळे लाकडी शेगडी मागे पडली आणि तिच्यासोबत घरोघरीचे व्यवहारज्ञानही ओसरले. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत शेगड्या पुन्हा मोठ्या संख्येने बसविल्या गेल्या. परंतु त्या चालविण्याचे ज्ञान अनेक घरांत उरलेले नव्हते आणि धुराड्यांच्या आगींचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९८८ मध्ये संघीय पर्यावरण संरक्षण संस्थेने शेगड्यांच्या धुरावर मर्यादा घातल्या व २०१५ मध्ये त्या अधिक कडक केल्या. इंग्लंडमध्ये १ मे २०२१ पासून अल्प प्रमाणात विकल्या जाणाऱ्या जळाऊ लाकडातील ओलावा २० टक्क्यांपर्यंतच असावा, असा नियम लागू झाला.

आजचे संकेत साधे आहेत. लाकूड फोडून, आच्छादनाखाली पुरेसे वाळवावे. विस्तव धुमसत न ठेवता खेळत्या हवेत जळू द्यावा. ज्वलनशील वस्तू शेगडीपासून दूर ठेवाव्यात. धुराड्याची दरवर्षी तपासणी करावी. कार्बन मोनॉक्साईडची सूचना देणारे यंत्र बसवावे. आणि राख झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून घराबाहेर ठेवावी.

समारोप

यातील अखेरचा संकेत आणि १७३५ च्या पत्रातील झाकलेल्या भांड्याची सूचना यांमागील तत्त्व एकच आहे. जवळजवळ तीन शतकांत शेगडी बदलली. निखाऱ्याचा स्वभाव बदलला नाही. शोधाचे श्रेय एका नावावर जमा होते. सुरक्षिततेचे श्रेय मात्र दंड आकारणाऱ्या निरीक्षकाला, काजळीत उतरलेल्या मुलाला आणि दरवर्षी धुराडे तपासून घेणाऱ्या अनाम गृहस्थाला द्यावे लागते. तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना शोधाइतकेच निगेलाही स्थान मिळाले, तरच तो इतिहास पूर्ण होईल.